विमानतळावरील चाकांची खुर्ची : ११६ किलोच्या प्रवाशाचा अभिप्राय

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा जुना, नौदलाच्या ‘हंसा’ तळाच्या आवारातला; आणि पेडणे तालुक्यात मोपाच्या पठारावरचा नवा, ज्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व जिथून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. मी ज्या सेवेविषयी लिहीत आहे ती दोन्हीकडे मिळते : चालता न येणाऱ्या किंवा फार चालता न येणाऱ्या प्रवाशाला दारापासून विमानापर्यंत चाकांच्या खुर्चीतून नेण्याची सेवा. गेल्या दोन वर्षांत तिच्याशी माझा तीनदा संबंध आला. विमानतळ कोणता आणि विमान कंपनी कोणती हे मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे जे दोष लिहिणार आहे त्यांतला सर्वांत मोठा माझा स्वतःचा आहे.

मी फोंड्याच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. वय ५३, उंची पाच फूट सहा इंच, वजन ११६ किलो. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो बीएमआय नावाचा आकडा असतो तो माझ्या बाबतीत ४१ भरतो; भारतीयांसाठी २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, तेव्हा माझ्या बाबतीत शंकेला जागा नाही. दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. शाळेचा जिना मी दिवसातून चार वेळा चढतो, हळू चढतो, पण चढतो. हा शेवटचा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पहिल्या प्रवासात तो मी स्वतःच सोयीस्करपणे विसरलो होतो.

सेवेची नोंदणी अगदी सोपी आहे. तिकीट काढताना अर्जात एक चौकट असते, तिच्यात खूण करायची. खुर्चीचे शुल्क आम्हाला पडले नाही आणि माझ्याकडे किंवा आईसाठी कोणी वैद्यकीय दाखला मागितला नाही. विमान कंपन्या या प्रवाशांचे तीन प्रकार करतात व ते जगभर सारखेच आहेत. पहिल्या प्रकारातला माणूस पायऱ्या चढू शकतो, विमानात आपल्या जागेपर्यंत चालतही जातो, पण लांबचे अंतर त्याला झेपत नाही. दुसऱ्याला पायऱ्या जमत नाहीत. तिसऱ्याला विमानाच्या आत, थेट आसनापर्यंत, अरुंद खुर्चीतून न्यावे लागते. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकाराचे सोंग आणणे अवघड आहे. पहिल्या प्रकारासाठी मात्र ‘मला लांब चालवत नाही’ एवढे वाक्य पुरते, आणि हे वाक्य पोट सुटलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसाने उच्चारले तर समोरचा कर्मचारी ते खरेच धरतो. त्याने तसे धरावे अशीच नियमांची अपेक्षा आहे आणि ती योग्यही आहे.

पहिल्या वेळी मी मुलीकडे हैदराबादला निघालो होतो. डिसेंबरचे दिवस, पर्यटकांची झुंबड. मेहुण्यांनी फोनवर सांगितले, ‘‘भावोजी, खुर्ची मागा. तुमच्याकडे बघून कोणी काही विचारणार नाही. रांग टळते.’’ मी खूण केली. दारातच खुर्ची आली, ती ढकलायला पंचविशीच्या आतला एक सडपातळ मुलगा आला, आणि सामान देण्याची रांग, सुरक्षा तपासणीची रांग, विमानात चढण्याची रांग अशा तिन्ही रांगा मी बसल्या बसल्या ओलांडल्या. सेवा म्हणून पाहिले तर तक्रारीला जागा नव्हती. एकच त्रास झाला. सर्वसाधारण खुर्चीची बैठक अठरा इंचांची असते आणि मी तिच्यात बसत नाही, अडकतो. हातांचे दोन्ही दांडे मांड्यांत रुतले होते. शेवटच्या चढावर त्याचा श्वास मला मानेवर ऐकू येऊ लागला. मी मागे वळून ‘‘जड जातं का रे?’’ असे विचारले. तो म्हणाला, ‘‘ना बाब, सवंय आसा.’’ मी परत पुढे पाहू लागलो.

हैदराबादला उतरलो तेव्हा विमानाच्या दाराशी माझ्या नावाचा कागद घेऊन एक मुलगी खुर्चीसह उभी होती. तिथे रांग नव्हती, त्यामुळे मला खुर्चीची गरज उरली नव्हती. ‘‘नको, चालतो मी,’’ असे सांगून मी सामानाच्या पट्ट्यापर्यंत गेलो, आणि माझी मुलगी भेटल्यावर हा किस्सा तिला हसत हसत सांगितला. ती हसली नाही. अमेरिकेतील फ्रंटियर या विमान कंपनीच्या प्रमुखांनी २०२४ साली जाहीरपणे अशी तक्रार केली होती की, काही विमानांत वीस प्रवासी खुर्चीतून चढवले जातात आणि उतरताना तिघांनाच खुर्ची लागते. तिकडे अशा विमानांना थट्टेने चमत्काराची विमाने म्हणतात, कारण आकाशात गेल्यावर पंगू चालू लागतात. त्या सतरांपैकी मी एक होतो, फक्त विमान वेगळे होते.

दुसऱ्या वेळी आई बरोबर होती. ती ८१ वर्षांची आहे. अंगणात पडून खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आता घरात काठी घेऊन चालते, बाहेर नाही. दोन दिवस आधी कळवावे असा संकेत आहे, आम्ही तीन दिवस आधी कळवले होते आणि दोन तास आधी पोहोचलो होतो. काउंटरवर ‘‘येते आहे, येते आहे’’ असे उत्तर मिळत राहिले. खुर्ची यायला चाळीस मिनिटे लागली. दाराजवळचा एकुलता बाक भरलेला होता. कोणी तरी उठून जागा दिली तोवर पंधरा मिनिटे आई काठीवर भार देऊन उभी होती. ती काही बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, ‘‘तुझे पाय दुखत असतील ना रे पुता, तू तरी टेक कुठे.’’

खुर्ची आल्यावर आम्ही सुरक्षा तपासणीपाशी पोहोचलो तेव्हा आमच्या पुढे नऊ खुर्च्या होत्या. मी प्रत्येकाकडे पाहत होतो, आणि असे पाहणे बरोबर नाही हेही मला कळत होते. हृदय निकामी होत चाललेला माणूस, केमोथेरपी घेणारी बाई, फुप्फुसाचा रुग्ण हे सगळे बसलेले असताना धडधाकटच दिसतात. तरी दोघांबद्दल मी खात्रीने लिहू शकतो. तपासणी उरकताच ते दांपत्य खुर्च्यांतून उठले, लगबगीने काजूच्या दुकानात शिरले, तीन पिशव्या घेऊन बाहेर आले आणि पुन्हा खुर्च्यांत बसले. त्यांना ढकलणारी दोन मुले तेवढा वेळ दुकानाबाहेर थांबली होती. त्याच वेळी दारापाशी आणखी कोणाची तरी आई उभी असणार.

रांगेत माझ्याच अंगकाठीचे, किंबहुना माझ्याहून जाड असे एक गृहस्थ होते. त्यांच्याविषयी मला काहीही ठरवता आले नाही. त्यांचे गुडघे संपलेले असतील, त्यांना धाप लागत असेल, किंवा त्यांनाही कोणी मेहुणे असतील. आमच्या मागच्या एका बाईंनी मात्र ठरवून टाकले होते. त्या ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘‘खाताना पाय दुखत नाहीत का यांचे!’’ गृहस्थांनी मान वळवली नाही. मला वाटले, हे वाक्य मागच्या डिसेंबरात माझ्या वाट्याला यायचे होते, ते पत्ता चुकून यांच्याकडे गेले. माझ्यासारख्यांच्या खोट्या मागण्यांची किंमत खुर्चीची वाट पाहणारे चुकवतातच. शिवाय जे लठ्ठ आहेत आणि ज्यांना खरोखर चालवत नाही, त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, ही दुसरी किंमत त्यांना पडते.

आता त्या बाईंच्या वाक्याकडे वळतो, कारण ते आपल्याकडे सर्रास बोलले जाते आणि त्यात अर्धे सत्य आहे. वजन माझ्या हातात किती आहे? बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील ज्या डॉक्टरांकडे मी गुडघ्यांसाठी जातो त्यांनी हे मला नीट समजावून दिले. वडील असेच होते, बहीण अशीच आहे; भूक किती लागावी आणि कुठे थांबावी याचे नियंत्रण मेंदूत होते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. एकदा वाढलेले वजन उतरवू लागले की शरीर भूक वाढवते, ऊर्जेचा खर्च कमी करते आणि जुन्या वजनाकडे परतण्यासाठी झगडते. काही औषधांनीही वजन चढते, स्टेरॉइडे हे नेहमीचे उदाहरण. म्हणून ‘तोंड आवरा’ हा उपदेश अपुरा आहे. पण सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून येतो तेव्हा मी घरच्या चार माणसांसाठी बारा पाव घेतो आणि त्यांतले पाच माझे असतात, संध्याकाळी शाळेतून परतताना मिरची-भज्यांची पुडी बांधून घेतो, हे काही माझ्या जनुकांनी दुकानदाराला सांगितलेले नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. गोव्यात स्त्रियांचे हे प्रमाण एक तृतीयांशाच्याही पुढे होते. एका छोट्या राज्यातल्या इतक्या लोकांचा निग्रह एकाच पिढीत ढासळला असे म्हणणे हास्यास्पद आहे. आपले जेवण बदलले, आपण स्कूटरवर बसलो, शेते गेली. तरीही माझ्या ताटापुरता जाब मलाच द्यावा लागतो, आणि तो मी डॉक्टरांना दर तीन महिन्यांनी देतो, बहुतेक वेळा खाली मान घालून.

लठ्ठपणा हे अपंगत्व आहे का, या प्रश्नावर न्यायालयांत बराच खल झालेला आहे. डेन्मार्कमधील बिलुंड नगरपालिकेत मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या कार्स्टन काल्टोफ्ट या गृहस्थांना कामावरून काढले गेले. त्यांचे वजन १६० किलोंहून अधिक होते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी असा निर्णय दिला की, लठ्ठपणा स्वतःहून अपंगत्व ठरत नाही, परंतु त्यामुळे माणसाला दीर्घकाळ इतरांच्या बरोबरीने काम करण्यात अडथळा येत असेल तर त्या स्थितीला अपंगत्व म्हणता येईल. आणि अशी स्थिती माणसाने स्वतः ओढवून घेतली की नाही याने काही फरक पडत नाही, हेही त्या निर्णयात आहे. कॅनडाने २००८ साली देशांतर्गत विमानांसाठी ‘एक माणूस, एक भाडे’ असे धोरण ठरवले आणि लठ्ठपणामुळे अपंग झालेल्या प्रवाशाला दुसऱ्या आसनाचे पैसे पडू नयेत अशी तजवीज केली. मला ही विचारसरणी पटते. खुर्चीत बसणाऱ्याचा पाय अपघाताने गेला की मधुमेहाने, आणि मधुमेह कशाने झाला, याची चौकशी दारात उभ्या असलेल्या मुलाने करायची नसते. त्याने एवढेच पाहायचे असते की या माणसाला चालवते की नाही.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारची दिव्यांगत्वे मानतो. त्या यादीत लठ्ठपणा नाही. चलनवलनाचे दिव्यांगत्व आहे. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखून ठेवलेला लाभ लबाडीने घेतल्यास कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. विमानतळावरची खुर्ची मात्र प्रमाणपत्रधारकांपुरती नाही. माझ्या आईकडे कसलेही दिव्यांगत्वाचे कार्ड नाही आणि तरी ती खुर्चीची पूर्ण हक्कदार आहे. सारा व्यवहार प्रवाशाच्या शब्दावर चालतो. म्हणून काही लोक दाखल्याची सक्ती करा म्हणतात, ते मला मान्य नाही. दाखला मिळवण्यासाठी आईला आणखी दोनदा रिक्षात बसवून नेऊन रांगेत उभे करावे लागेल, आणि त्या मेहुण्यांचा ओळखीचा डॉक्टर दहा मिनिटांत हवा तो कागद देईल.

उपाय दुसरीकडे आहे असे मला स्वतःच्या लबाडीवरून वाटते. मला खुर्ची नकोच होती, रांग नको होती. आज या दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांनी २०१३ साली नेमकी हीच गाठ सोडवण्याचा प्रयत्न केला. तिथे दिव्यांगांना रांग न लावता खेळण्यापर्यंत नेणारे कार्ड मिळत असे, आणि श्रीमंत कुटुंबे पैसे देऊन दिव्यांग सोबती भाड्याने घेतात अशा बातम्या आल्यावर ती पद्धत बदलून परत येण्याची वेळ लिहून देण्याची पद्धत आणली गेली. रांगेत उभे राहायचे नाही, पण रांगेइतका वेळ बाहेर बसून काढायचा. विमानतळावर पहिल्या प्रकारच्या प्रवाशांना असेच करता येईल : खुर्ची द्यावी, बसायला जागा द्यावी, आणि तपासणीला त्यांच्या क्रमानेच न्यावे. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारच्यांना थेट पुढे घ्यावे, कारण लघवीला जायचे म्हटले तरी त्यांना मदतनीस लागतो आणि ताटकळणे त्यांना बाधते. वेळ वाचत नाही असे कळले की काजूच्या पिशव्या घेऊन खुर्चीत परतणारे आपोआप गळतील. आई कदाचित पहिल्या प्रकारातच मोडेल आणि तिला दहा-वीस मिनिटे जास्त लागतील. तिला विचारले तर ती म्हणाली, ‘‘बसून किती का वेळ लागेना.’’

खुर्च्यांविषयी एक खरी तक्रार आहे आणि ती मी लठ्ठ माणसाच्या हक्काने करतो. बावीस इंची बैठकीच्या रुंद खुर्च्या बाजारात मिळतात. मी विचारले तेव्हा ‘‘एक आहे, पण कुठे आहे बघावे लागेल’’ असे उत्तर मिळाले. नोंदणीच्या अर्जात वजन किंवा रुंदी लिहायला जागा नाही. ज्या लठ्ठ माणसाला खरोखर खुर्ची लागते त्याला अशा अडकवणाऱ्या खुर्चीत कोंबणे हा अपमान आहे, आणि एकट्या सडपातळ मुलाला ती चढावर ढकलायला लावणे हा त्या मुलावर अन्याय आहे. आईला नेणारा मुलगा पेडण्याकडचा होता. ‘‘पांय हांगा दवर गे आजी,’’ म्हणत त्याने तिची पावले स्वतः वाकून पायटेकावर ठेवली, काठी तिच्या मांडीवर आडवी न ठेवता खुर्चीच्या पाठीला अडकवली, आणि वेग इतका सांभाळला की खाचेवरून जाताना तिला धक्का बसला नाही. सकाळपासूनची ही चौदावी फेरी आहे, असे त्याने मी विचारल्यावर सांगितले. बक्षिसी त्याने मागितली नाही. आईने पदराच्या गाठीतून काढून दिली ती घेतली. कामाच्या या दर्जाला मी पैकीच्या पैकी गुण देतो. वाट पाहायला लावण्याचे गुण व्यवस्थेचे कापतो, पण त्यांतले काही प्रवाशांच्या खात्यावरही टाकतो.

तिसऱ्या वेळी, गेल्या मे महिन्यात, मी एकटाच हैदराबादला गेलो आणि खुर्ची मागितली नाही. डॉक्टरांनी सांगितले होते की एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो. माझे तोवर पाच उतरले होते, म्हणजे हिशेबाने वीस. दारापासून विमानाच्या फाटकापर्यंत मला पस्तीस मिनिटे लागली, त्यांत रांगेची पंधरा. तपासणीच्या आधी एकदा आणि नंतर दोनदा बसलो. रांगेत मागच्या तरुणाला ‘‘जरा माझी जागा सांभाळा, त्या बाकावर टेकतो’’ असे म्हटले तर त्याने आनंदाने सांभाळली. ज्याला पूर्ण खुर्चीची गरज नाही आणि सलग चालणेही जमत नाही अशा माझ्यासारख्यांसाठी वाटेत दर शंभर पावलांवर एक बाक असता तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता. विमानात मात्र मी एक वस्तू न लाजता मागून घेतली : आसनाच्या पट्ट्याला जोडायचा जादा तुकडा. पहिल्या प्रवासात तो मागायची लाज वाटली म्हणून पट्टा न लावताच शर्टाखाली दडवून बसलो होतो, आणि खुर्ची मागायची लाज वाटली नव्हती.

चतुर्थी झाली की आई नातीला भेटायला येणार आहे. काल तिकिटे काढली, दोघांची. अर्जातली चौकट तिच्या नावापुढे भरली आणि फोन करून तिचा प्रकार पुन्हा सांगून ठेवला. माझ्या नावापुढची रिकामी आहे.